टॅबवर पैकीच्या पैकी, वहीत मात्र अडखळ

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत आहे. यंदापासून तिच्या शाळेत गृहपाठाचा बराचसा भाग टॅबवर करून घेतला जातो. टॅबवरच्या गणितांत तिला पैकीच्या पैकी गुण मिळतात. पण वहीत मोठा भागाकार दिला की ती अडते, शिवाय शुद्धलेखनाच्या चुकाही वाढल्या आहेत. पालकसभेत विचारले, तर ‘पुढचा जमाना याचाच आहे’ असे सांगण्यात आले. टॅबमुळे मुलांचा पाया खरोखरच कच्चा राहतो का? आम्ही शाळेकडे नेमके काय मागावे?
— एक पालक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : टॅबवर मुलांकडून कोणते काम करून घेतले जाते आणि कोणते परस्पर उरकले जाते, यावर ते अवलंबून आहे. ८६४ ला २४ ने भागायचे गणित घ्या. वहीत मुलीला ८६ मध्ये २४ किती वेळा जातात याचा अंदाज बांधावा लागतो, ७२ वजा करून उरलेल्या १४ पुढे ४ खाली घ्यावा लागतो आणि १४४ साठी पुन्हा २४ चा पाढा आठवावा लागतो. हेच गणित पडद्यावर १८, ३६, ५४ आणि ७२ अशा पर्यायांसह आले, तर प्रत्येकाचा एककाचा अंक चाराने गुणून पाहताच ३६ हे उत्तर सापडते. गुण मिळतात, पण भागाकार झालेलाच नसतो. शुद्धलेखनाचेही तसेच आहे. ‘विद्या’ एवढे टाइप केले की कळफलक ‘विद्यार्थी’ हा शब्द पुढे करतो; रफार कोणत्या अक्षरावर द्यायचा आणि शेवटची वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, हे ठरवण्याची वेळ मुलीवर येतच नाही.

तरीही टॅब सरसकट बंद करा, असे मी म्हणणार नाही. दिल्लीतील सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळेनंतर चालवलेल्या संगणक-वर्गांचा एक काटेकोर अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. जेमतेम साडेचार महिन्यांत ही मुले गणितात आणि हिंदीत स्पष्टपणे पुढे गेली होती. यातील अनेक मुले आपल्या इयत्तेच्या कितीतरी मागे होती आणि ती प्रणाली प्रत्येकाला तो प्रत्यक्षात जिथे होता तिथूनच प्रश्न देत होती. सोबत लहान गटाला शिकवणारी व्यक्तीही होती. याउलट, पेरू देशात मुलांना मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप वाटण्यात आले, पण २०१२ च्या अभ्यासात त्यांच्या भाषा आणि गणितात त्यामुळे सुधारणा झाल्याचे आढळले नाही. शाळाबंदीच्या काळात फोन हाच मुलांचा शाळेशी उरलेला धागा होता, हे ठाणे-नवी मुंबईतल्या घरांनी अनुभवले आहे, आणि ते मोल मी नाकारत नाही. मात्र तेव्हाची अडचणीतली सोय आता पद्धत होऊन बसू नये, असे मला कळकळीने वाटते.

पालकसभेत मिळालेले उत्तर मला पटत नाही. टॅब चालवायला मूल चार दिवसांत शिकते. भागाकार, जोडाक्षरे आणि सलग परिच्छेद लिहिण्याची सवय यांना मात्र प्राथमिक वर्गांतली वर्षे द्यावी लागतात. म्हणून पाचवीपर्यंत नवी रीत आधी फळ्यावर आणि वहीत पक्की व्हावी, टॅब त्यानंतर सरावाला यावा, आणि त्या सरावातही पर्याय निवडण्याऐवजी उत्तर स्वतः लिहावे लागेल असेच प्रश्न असावेत, अशी मागणी आपण लेखी करावी. मूल कोणत्या पायरीवर चुकते, हे टॅबच्या अहवालात शिक्षकांना दिसते का, हेही विचारावे. नुसते गुण आणि लागलेला वेळ दिसत असेल, तर त्यावरून शिकवण्यात काहीच बदल करता येणार नाही.

पुढच्या भेटीपूर्वी टॅबवर बरोबर ठरलेली पाच गणिते मुलीला पर्याय न दाखवता, सर्व पायऱ्यांसह वहीत सोडवायला सांगा आणि ते पान वर्गशिक्षकांसमोर ठेवून बोलणे सुरू करा.