तेरेसा मिलानोल्लो आणि शिकवणीचे तास

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

धाकट्या मुलांना व्हायोलिन शिकवण्यात संध्याकाळ निघून जाते आणि स्वतःच्या रियाजाला वेळ उरत नाही, ही तुझी तक्रार रास्त आहे. तरीही शिकवण्या सोडण्यापूर्वी तू एकोणिसाव्या शतकातल्या व्हायोलिनवादक तेरेसा मिलानोल्लोचे आयुष्य एकदा नीट पाहावेस, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

इटलीतील पिडमाँट प्रांतातल्या साविल्यानो गावी, रेशीम कातण्याची यंत्रे बनवणाऱ्या कारागिराच्या घरी १८२७ साली ती जन्मली. पुढे पॅरिसमध्ये हाबेनेक यांच्यासारख्या नामवंत व्हायोलिनवादकांकडे ती शिकली. मात्र स्वतः शिकत असतानाच, अजून लहान मुलगी असताना, तिने पाच वर्षांनी धाकटी बहीण मारिया हिला हाताशी धरून व्हायोलिन शिकवले, आणि थोड्याच वर्षांत या दोघी बहिणी युरोपभर एकत्र वाजवू लागल्या. श्रोत्यांनी तेरेसाला ‘अदाज्यो’ आणि मारियाला ‘स्टकाटो’ अशी टोपणनावे दिली होती: थोरलीचा गज संथ, दीर्घ आणि आर्त सुरांत रमे, तर धाकटीच्या गजातून सुटे, लखलखीत सूर झरझर उतरत. एकाच घरात, एकाच हाताखाली वाढलेली मुलगी गुरूपेक्षा इतकी वेगळी वाजवते, यातच मला तेरेसाचे खरे थोरपण दिसते, कारण स्वतःची ढब शिष्याच्या गळ्यात बांधण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

१८४८ मध्ये मारिया क्षयाने गेली; ती अवघी सोळा वर्षांची होती. तेरेसा काही काळ मंचापासून दूर राहिली आणि परतली ती एक नवी रीत घेऊन. फ्रान्समधल्या ल्यों शहरापासून तिने गरिबांसाठी मैफली सुरू केल्या: आधी सधन श्रोत्यांपुढे वाजवायचे, मग त्याच उत्पन्नातून गरीब शाळकरी मुले आणि त्यांचे आईवडील यांच्यासाठी दुसरी मैफल करून त्यांना पैसे, अन्न आणि कपडे वाटायचे. १८५७ मध्ये लष्करी अभियंता तेओदोर पार्मांतिए यांच्याशी विवाह झाल्यावर तिने जाहीर वादन थांबवले, याची हळहळ मला आजही वाटते. तिच्या रचना थोड्याच आहेत. त्यांतली व्हायोलिनसाठीची ‘फांतेझी एलेजियाक’ तू अवश्य मिळवून वाजव.

तेव्हा सगळ्या शिकवण्या सोडू नकोस. दोनच विद्यार्थी ठेव, पण त्यांच्यासाठी पूर्ण मन दे. एखादी ओळ समजावताना आधी ती त्यांच्याकडून वाजवून घे, गज कुठे अडतो ते पाहा आणि तुझी बोटे लगेच पुढे करू नकोस. ती अडचण का आली हे शोधताना तुझ्या स्वतःच्या गजातली ढिलाईही तुला ऐकू येईल, आणि तो तास तुझ्या रियाजातच जमा होईल. येत्या महिन्यात त्यांपैकी एकीबरोबर दोन व्हायोलिनांची एखादी रचना बसव, आणि वरचा, म्हणजे मुख्य सुरावटीचा, भाग तिला दे.

तुझी,
बाई