पॅरिसहून पुण्याला खारं बटर आणायचं तर कोणतं घ्यावं आणि कसं आणावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठवडाभर पॅरिसमध्ये राहून पुण्याला परतताना चांगलं खारं फ्रेंच बटर आणायचंय, तर कोणतं घ्यावं आणि ते न वितळता घरी पोचेल का. खरी अडचण प्रवासाची आहे, आणि कोणतं बटर घ्यायचं हेही बरंचसं प्रवासच ठरवतो.

आधी कस्टम्सचं बोलू, कारण ते बहुतेकांना आठवतं ते बॅगा पट्ट्यावरून उचलताना. भारतात उतरल्यावर भरायच्या कस्टम्सच्या फॉर्ममध्ये मांस, मासे यांच्याबरोबर दुग्धजन्य पदार्थांचाही उल्लेख आहे. बटर त्यात येतं. तेव्हा तिथे 'हो' लिहा, लाल मार्गिकेतून जा आणि विचारलं तर दाखवा. सोडायचं की नाही हे अधिकारी ठरवतात. कारखान्याचं सीलबंद पाकीट, त्यावरचं छापील लेबल, दुकानाचं बिल आणि घरच्यापुरतं वजन, म्हणजे दीड-दोन किलो, एवढं असलं की निदान बोलायला जागा राहते. नियम बदलत असतात, निघण्याआधी कस्टम्सच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी तर हा बेतच सोडावा: १२ एप्रिल २०२५ पासून युरोपीय संघातून ग्रेट ब्रिटनमध्ये स्वतःच्या वापरासाठीसुद्धा दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत.

आता लेबल. फ्रान्समध्ये बटर मिठावरून तीन प्रकारचं. बिनमिठाचं ते 'दू' (पाकिटावर डी-ओ-यू-एक्स). ०.५ ते ३ टक्के मीठ असेल तर 'दमी-सेल' (डी-ई-एम-आय, मग एस-ई-एल). ३ टक्क्यांच्या वर गेलं की 'साले'. नावात 'दमी', म्हणजे अर्धं, असलं तरी दमी-सेल फिकं नसतं. अडीच टक्के मीठ धरलं तरी २५० ग्रॅमच्या वडीत सव्वासहा ग्रॅम, म्हणजे चांगला चमचाभर मीठ झालं. तुम्हाला हवंय ते हेच. फ्रान्सच्या वायव्य टोकाच्या ब्रिटनी प्रांताला राजेशाहीच्या काळात मिठावरचा कर माफ होता, त्यामुळे तिथे बटर खारवायची रीत पडली आणि टिकली. आजही उत्तम खारं बटर शोधताना ब्रिटनी आणि तिच्या शेजारच्या किनारपट्टीचं नाव पहिलं येतं.

मिठाबरोबर आणखी दोन शब्द बघा. 'एक्स्ट्रा-फॅं' म्हणजे ताज्या, न गोठवलेल्या सायीचं. नुसतं 'फॅं' असेल तर त्यात काही भाग गोठवून ठेवलेली साय चालते. 'बारात' म्हणजे घुसळणीचं भांडं. उच्चार लग्नाच्या बारातीसारखाच, त्यामुळे लक्षात राहतो. 'द बारात' लिहिलेलं बटर अखंड चालणाऱ्या यंत्रातून न काढता भांड्यात खेप-खेप घुसळून काढतात. आणि चांगल्या फ्रेंच बटरची साय आधी विरजलेली असते, आपल्याकडे साय विरजून लोणी काढतात तशीच. तो हलका आंबूस, भरीव वास तिथून येतो. 'आलेजे' (कमी स्निग्धांशाचं) आणि 'तांद्र' (फ्रीजमधून काढल्या काढल्या पसरणारं) ही दोन पाकिटं मात्र ठेवून द्या. दुसरं तर प्रवासात सगळ्यात आधी ढासळतं.

दुकानांचं म्हणाल, तर मोनोप्री किंवा कारफूरसारख्या सुपरमार्केटमध्ये इझिन्यी, एशिरे, ल गाल, पेझाँ ब्रतों या ब्रँडची दमी-सेल बटरं बहुधा मिळून जातात. इझिन्यी नॉर्मंडीचं, एशिरे पश्चिमेकडच्या शारांत-प्वातू भागातलं. या दोन्ही भागांच्या बटरला युरोपचं भौगोलिक संरक्षण आहे, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या बटरला लावता येतं. बोर्दिए हे ब्रिटनीतल्या सँ-मालोचं नाव. त्यांच्याकडे बटर लाकडी यंत्रावर मळून, त्यात मीठ घालून, लाकडी फळ्यांनी थापून वड्या करतात. पॅरिसमध्ये ते बों मार्शे या मोठ्या दुकानाच्या खाद्यपदार्थांच्या विभागात, म्हणजे ग्रांद एपिसरीत, आणि चांगल्या चीजच्या दुकानांत मिळतं, साधारण १२५ ग्रॅमच्या वड्यांत, आणि सुपरमार्केटच्या बटरपेक्षा बरंच महाग.

आणायला काय घ्यावं? लोक हमखास चुकतात ते इथे. सगळ्यात चविष्ट बटर म्हणजे 'क्र्यू', कच्च्या सायीचं, वर मिठाचे दाणे दाताखाली येणारं. ते तिथेच खाऊन या. पाश्चरीकरण नसल्यामुळे त्याचे दिवस मोजके असतात, आणि दोन-चार तास ऊब लागली की वास बदलतो. मिठाचे दाणेही प्रवासात टिकत नाहीत. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी बारीक थेंबांच्या रूपात असतं. एवढ्या पाण्यात तीन टक्के मीठ सहज विरघळू शकतं. घट्ट, थंड बटरमध्ये थेंब जागचे हलत नाहीत म्हणूनच दाणे शाबूत राहतात. बटर मऊ झालं की थेंब दाण्यांपर्यंत पोचतात. मग कुरकुरीतपणा जातो आणि कापलेल्या वडीवर खारट पाण्याचे मणी दिसतात. म्हणून न्यायला पाश्चरीकृत, एक्स्ट्रा-फॅं, बारीक मिठाचं दमी-सेल, २५० ग्रॅमच्या वड्यांत. पाच-सहा वड्या पुरे. दाण्यांचं हवंच असेल तर एकच घ्या आणि पोचल्यावर आधी ती संपवा.

आता थंड ठेवायचं. पॅरिस ते मुंबई थेट विमान साधारण नऊ तासांचं. आधीचे तीन-चार तास, उतरल्यावर बॅगा आणि कस्टम्स, मग पुण्याची गाडी, असे अठरा तास धरा. आखातात विमान बदलणार असाल तर त्याहून जास्त, आणि तिथे उन्हात उभ्या राहिलेल्या बॅगा वेगळ्याच. विमानाच्या पोटात फ्रीजसारखी थंडी असते या भरवशावर राहू नका.

त्यामुळे बटर गोठवूनच निघायला हवं, आणि हॉटेलच्या खोलीतला छोटा फ्रीज त्याला पुरत नाही. मीठ पाण्याच्या थेंबांत उतरलेलं असतं. अडीच टक्के मीठ आणि १६ टक्के पाणी म्हणजे समुद्राच्या तिप्पट-चौपट खारं पाणी झालं. ते उणे ९-१० अंशांच्या आसपास गोठायला लागतं. छोट्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात वडी कडक होते, पण आतलं पाणी गोठत नाही, आणि बर्फ वितळताना जी थंडी खर्च होत राहते तीच तर आपल्याला हवी असते. खरा उणे १८ चा फ्रीझर लागतो. हॉटेलच्या स्वागतकक्षात विनंती करा, स्वयंपाकघरात ठेवून देतात का ते विचारा. भाड्याच्या घरात उतरला असाल तर प्रश्नच नाही. निघण्याच्या २४ तास आधी वड्या आत गेलेल्या असाव्यात.

बांधणी अशी: प्रत्येक वडी आपल्या कागदासकट अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये, मग सगळ्या एकाच झिपच्या पिशवीत एकमेकींना घट्ट चिकटवून. सुट्या वड्या चार बाजूंनी तापतात, एकत्र गठ्ठा सावकाश तापतो. चीजच्या दुकानात घेतलं असेल तर 'सू विद' म्हणा, हवा काढून बांधून देतात. वितळलंच तर कपडे तरी वाचतात. गठ्ठ्याच्या खाली-वर गोठवलेल्या जेलच्या पिशव्या, मग 'साक इझोतेर्म', म्हणजे थंडावा टिकवणारी पिशवी. ती पिकार या गोठवलेल्या पदार्थांच्या दुकानात मिळते. ही पिशवी चेक-इन बॅगेच्या मधोमध, चारी बाजूंनी लोकरीचे कपडे. हातातल्या बॅगेत नेऊ नका: मऊ पसरणारा पदार्थ म्हणून सुरक्षातपासणीत १०० मिलिलिटरचा नियम लावला तर तिथेच टाकून द्यावं लागेल.

पोचल्यावर एक वडी बोटाने दाबून बघा. मऊ पण सलग असेल तर काही बिघडलं नाही, फ्रीजमध्ये टाका. कागदात पिवळं तेल सुटलेलं दिसलं तर थेंब फुटून पाणी वेगळं झालंय. ते पुन्हा गोठवलं तरी रवाळ लागतं. फेकू नका, कॅरॅमल किंवा नानकटाईसारख्या कामी वापरा. नानकटाईत मग वेगळं मीठ घालू नका, एवढंच.

बाकीचं फ्रीझरमध्ये ठेवलं तरी तीन-चार महिन्यांत संपवा. मिठामुळे स्निग्धांश खवट व्हायला मदतच होते. फ्रीजमधली वडी फॉइलसकट बंद डब्यात ठेवा, कारण बटर कांदा आणि आंब्याचा वास एका रात्रीत ओढून घेतं. कढईत घालून वाया घालवू नका, त्यातला दुधाचा अंश लगेच करपतो. ताजा पाव, गोव्याची पोई किंवा तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी, आणि वर जाड काप, पसरायचा नाही. फ्रेंच लोक कोवळ्या लाल मुळ्याबरोबरही असंच खातात. आपल्या बाजारात तो मुळा थंडीत मिळतो, तेव्हासाठी अर्धी वडी राखून ठेवा.