रुग्णालयात दात घासल्याने न्यूमोनिया टळतो का?

हो, धोका नक्कीच कमी होतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या तोंडात जंतू झपाट्याने वाढतात आणि झोपेत, नकळत, लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात. भरती होऊन ४८ तास उलटल्यावर होणारा न्यूमोनिया बरेचदा असाच सुरू होतो, अगदी व्हेंटिलेटर नसलेल्यांनाही. म्हणून मऊ ब्रशने दिवसातून किमान दोनदा दात, हिरड्या, जीभ घासा. नुसत्या माउथवॉशवर विसंबू नका. दातांवरचा चिकट थर घासल्याशिवाय निघत नाही. कवळी रात्री काढून स्वच्छ करा. डॉक्टरांची हरकत नसेल तर उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवा. रुग्ण बेशुद्ध असेल किंवा त्याला गिळता येत नसेल, तर तोंडात पाणी अजिबात घालू नका, नर्सला बोलवा. सलाइनइतक्याच हक्काने ब्रशबद्दलही विचारा.