नळी निघेना, म्हणून सुया लावायच्या का?

प्रश्न : ताई, आमच्या सासूबाईंना (वय ५४) गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, दीड महिन्यापूर्वी मोठं ऑपरेशन झालं. पिशवी काढली, गाठी काढल्या, आता केमो-रेडिएशन सांगितलंय. पण लघवीचं काही जमेना. दोन आठवड्यांनी नळी काढली तर थोडी थोडी व्हायची, सोनोग्राफीत २२० मिली शिल्लक निघाली, म्हणून परत नळी. भरल्याचं कळतच नाही म्हणतात. नवी पेठेतल्या ओळखीच्या बाई म्हणाल्या नळी काढून टाका, अ‍ॅक्युपंक्चर करा, मोकळी होते. सर्जनना विचारलं तर नुसते हसले. काय करू?
— एक सून, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : आधी एक सांगते, हा 'पिशवी' शब्द दवाखान्यात फार घोळ घालतो. गर्भाशय पण पिशवी, लघवीची पण पिशवी, आणि नळीला लटकवलेली ती पण पिशवीच. सासूबाईंची गर्भपिशवी गेली, लघवीची जागेवर आहे, फक्त तिच्याकडे जाणाऱ्या नसांना धक्का बसलाय. या ऑपरेशनमध्ये गर्भाशयाच्या आजूबाजूचा भागही काढावा लागतो आणि मूत्राशयाच्या बारीक नसा नेमक्या त्यातूनच जातात, त्यामुळे ते आकुंचन पावत नाही आणि भरल्याचा निरोपही वर पोचत नाही. बऱ्याच बायकांचं हे काही आठवड्यांत, काही महिन्यांत आपोआप सुधारतं, आणि गंमत अशी की त्या काळात जे काही चालू असेल, काढा म्हणा सुया म्हणा, श्रेय त्यालाच मिळतं.

तरी अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे थोतांड असं मी म्हणणार नाही. सोलापूरकरांना तर हा विषय परका नाही, आपले डॉ. कोटणीस १९३८ ला ज्या पथकातून चीनला गेले त्यातलेच डॉ. बासू पुढं तिकडून अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि भारतात ते रुजवलं. (कोटणीस स्वतः सर्जन, सुयावाले नव्हेत, लोक उगाच गल्लत करतात.) घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटं वर एक पॉइंट धरतात, तिथूनच जवळून पायाची एक नस जाते जी कमरेखाली, मूत्राशयाच्या नसा निघतात साधारण तिथूनच येते. त्या नसेला हलका करंट देऊन वारंवार लघवीच्या त्रासावर उपचार आधुनिक डॉक्टर पण करतात. पण तुमचा प्रॉब्लेम उलटा आहे, लघवी अडकण्याचा. त्यावरचे अभ्यास बहुतेक चीनमधले, लहान, आणि पुष्कळदा खोट्या सुईशी (म्हणजे नुसतं टोचल्यासारखं भासवून) तुलना न केलेले. फायदा होऊ शकतो, खात्री नाही, एवढंच म्हणता येतं.

नळी मात्र कुणाच्या सांगण्यावरून काढायची नाही म्हणजे नाही. मूत्राशय तुडुंब भरून ताणलं की आणखी ढिलं पडतं, लघवी मागं किडनीपर्यंत चढू शकते, वर इन्फेक्शन. सारखं थेंब थेंब गळत असेल तर "चला, व्हायला लागली" असं समजू नका, ती बहुतेक वेळा भरून वाहणारी लघवी असते. कायमची नळी नको असेल तर दर तीन-चार तासांनी स्वतः बारीक नळी घालून रिकामं करायचं शिकवतात, ते विचारा. ऐकायला भयंकर वाटतं, पहिले दोन दिवस आरसा धरून लाजत चिडत करतात आणि मग हात बसतो. नळीच्या भीतीनं पाणी पिणं तोडलंय का ते पण बघा, आपल्या उन्हात हे फार होतं.

सुया लावायच्याच असतील तर नळीच्या जोडीला, नळीऐवजी नको. केमोत प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी उतरतात तेव्हा सुई टोचणं धोक्याचं. ओटीपोटातल्या गाठी (लिम्फ नोड) काढल्यामुळं पाय सुजला असेल तर त्या पायात सुई नको, आणि तो घोट्यावरचा पॉइंट पायातच येतो बरं का. रेडिएशनच्या कातडीवर नको, पेसमेकर असेल तर करंटवाल्या सुया नकोत. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आणि कौन्सिल आहे, तेव्हा करणाऱ्याचा नोंदणी नंबर मागा, सुया तुमच्यासमोर नव्या पाकिटातून फोडायला लावा. सुरू करण्याआधी आणि काही सेशननंतर शिल्लक लघवी मोजून वहीत लिहा. १०० मिलीच्या खाली येऊन टिकली तर नळीचं काय ते सर्जन ठरवतील, आकडा हललाच नाही तर पैसे घालू नका. थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखलं किंवा लघवी गढूळ, लाल झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि सर्जन हसले म्हणता ना, पुढच्या वेळी "अ‍ॅक्युपंक्चर करू का" असं विचारू नका, "प्लेटलेट किती आहेत, सुई चालेल का" असं विचारा, मग उत्तर द्यावंच लागतं.