मुलगा सगळ्यांचं ऐकतो, नाही म्हणतच नाही

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. वर्गातल्या तिघांचे प्रयोगवहीतले आकृत्यांचे काम हाच करतो, मधल्या सुट्टीचे पैसेही देतो. विचारलं तर म्हणतो, ‘ते माझे मित्रच आहेत.’ शाळेत जाऊन भांडू का?

उत्तर : भांडू नका. त्याने मान तुकवली आहे ती भित्रेपणाने नव्हे. नकार दिला की एकटं पडू, हा हिशेब त्याने केलेला असतो. म्हणून ‘तूही दोन ठेवून दे’ हा घरोघरी मिळणारा सल्ला इथे उलटतो. समोर तिघे आहेत, आणि हात उचलला की तक्रार याच्यावरच येते.

आधी आठवडाभर नोंद ठेवा : तारीख, जागा, काय मागितलं, कोणी पाहिलं. घरी एकच वाक्य घोटून घ्या : ‘तुमच्या आकृत्या मी काढणार नाही.’ कारण सांगायचं नाही. कारण दिलं की घासाघीस सुरू होते. म्हणायचं आणि लगेच तिथून निघायचं. बरोबर एखादा मित्र असला तर बळ येतं, त्यामुळे आधी तो जोडा.

मग वर्गशिक्षकांना लेखी अर्ज द्या, प्रतीवर पोच घ्या. चौघांना समोरासमोर बसवून ‘हात मिळवा’ करायला मात्र ठाम नकार द्या. तिथे तो हो म्हणेल आणि शाळेबाहेर त्याची किंमत मोजेल. मारहाण किंवा धमकी असेल तर थांबू नका, १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालते.