इंदूरला राहून रानभाज्या ओळखायला आणि खायला कुठून सुरुवात करावी?

तुम्ही लिहिलंय की वय ३६, पुण्याहून बदली होऊन इंदूरला आलात, दिवसभर बसून काम, साखर सीमारेषेवर, हिमोग्लोबिन आणि बी-१२ दोन्ही कमी. आता या पावसाळ्यात स्वतः हिंडून रानभाज्या तोडून आणायच्या आणि खायच्या असा विचार आहे. फायदा होईल का आणि सुरुवात कुठून करू, असं विचारलंय.

आधी बी-१२ चं बोलून टाकते. कुठल्याच पालेभाजीतून ते मिळत नाही, शेतातली असो की रानातली. दूध, दही, अंडी, मासे यांतून मिळतं, आणि एवढं कमी झालं असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या-इंजेक्शनांनीच भरून निघतं. रानभाजीच्या भरवशावर ते औषध बंद करू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तरीही पालेभाज्या एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण पाल्यातलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या आड येतं.

बाकी फायदा नक्की होतो, आणि तो अगदी साधा असतो. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते. एकट्याने राहणाऱ्या, डबा मागवणाऱ्या माणसाच्या पोटात त्याच्या निम्म्यानेही जात नाही, आणि जाते तीही बटाटा, कोबी, बटाटा अशी फिरून फिरून तीच. घरात रानभाजी आली की पाला वाढतो, चोथा वाढतो, जेवणातली साखर रक्तात सावकाश चढते. टाकळा, माठ, शेवग्याचा पाला यांत लोह असतं. ते अंगी लागावं म्हणून वरून लिंबू पिळायचं आणि जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही. घोळीत तर ओमेगा-३ जातीचं, जवसात असतं तसं स्निग्धाम्ल सापडतं, जे पालेभाज्यांत इतकं सहसा नसतं. शिवाय भाजी शोधायला तुम्ही चालाल. साखरेला त्याचाही उपयोग आहे.

आता माझ्याबद्दल थोडं, म्हणजे मी हे कशावरून सांगते ते कळेल. आमचं घर चार पिढ्या इंदुरात आहे, मी शाळेत ३१ वर्षं जीवशास्त्र शिकवलं, पण भाज्या मला शिकवल्या आजीने. आमच्याकडे ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, नांगराशिवाय उगवलेलं तेवढंच खायचं. ऋषीच्या भाजीसाठी आजी रामबागेतून निघायची ती मला बरोबर घेऊनच. तिची नावं मराठी, विकणाऱ्या बायकांची माळवी. ती टाकळा म्हणायची, नागपूरकडची तिची जाऊ त्यालाच तरोटा म्हणायची, बाजारात तो चकवड नाहीतर पुवाड असायचा. आपला शेवगा इथे सुरजना, करटोली म्हणजे किकोडा, घोळ म्हणजे कुलफा, चाकवत म्हणजे बथुआ. पुण्याची नावं घेऊन तुम्ही नंदलालपुऱ्याच्या मंडईत गेलात तर रिकाम्या हाताने परत याल. आणि नुसत्या नावावर विसंबून घेतलीत, तर भलतीच भाजी घरी येण्याची भीती. पान बघून घ्या.

म्हणून माझं ऐकाल तर हा पहिला पावसाळा फक्त विकत घ्या. तोडू काहीच नका.

खंडवा रोडने सिमरोलच्या पुढे, भेरूघाट लागायच्या आधी, पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला भिल्ल बायका पळसाच्या पानांवर जुड्या मांडून बसतात. एकदा मी टाकळ्याची जुडी उचलली, तर त्या बाईने ती माझ्या हातातून काढून घेतली. अंगठ्याच्या नखाने एक देठ दाबला, तो टचकन तुटला. खालचा जून देठ दाबला, त्याचा दोरा निघाला. टचकन तुटेल तेवढंच घ्यायचं, दोरा निघाला की सोडायचं. म्हणाली, "पेले पानी की है बाई, फूल आए बाद मती खाजो." पहिल्या पावसाचा कोवळा पाला खायचा, फुलं आल्यावर नाही. कारण टाकळा जून झाला की कडवट होतो आणि पोट ढिलं करतो. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात मला हे असं नखाएवढं नेमकं कुठे मिळालं नव्हतं. अशा बाईकडून सलग दोन-तीन महिने भाजी घ्या, प्रत्येक जुडीतली एक अख्खी डहाळी घरी जुन्या वर्तमानपत्रात दाबून ठेवा, खाली त्या बाईने सांगितलेलं भाजीचं नाव, तुमच्याकडचं नाव, तारीख लिहा. पुढच्या जूनमध्ये तुमच्याकडे स्वतःची वही असेल.

तोडायची इतकी घाई का नको, ते टाकळ्यावरूनच सांगते, कारण त्याचा एक जुळा भाऊ आहे. कासविंदा. मराठीत त्याला रानटाकळाही म्हणतात, आणि नवख्या माणसाला वाटतं की रानटाकळा म्हणजे जास्त अस्सल. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात थंडीच्या सुमारास लहान मुलं अचानक आजारी पडून दगावायची, बरीच वर्षं तो मेंदूज्वर समजला गेला. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी माग काढला तेव्हा कळलं की मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खाल्ल्या होत्या. यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हींवर घाला. २००७ मध्ये तो अभ्यास छापून आला. दोन्ही झाडं उकिरड्यावर, रस्त्याकडेला, शेजारी शेजारी उगवतात. दोघांना पिवळी फुलं, दोघांच्या पानाला चुरगळल्यावर उग्र वास, म्हणून वासावरून ठरवू नका.

पान हातात घ्या. टाकळ्याच्या एका पानावर पर्णिकांच्या, म्हणजे देठावरच्या छोट्या पानांच्या, साधारण तीन जोड्या, आणि प्रत्येक पर्णिका टोकाला रुंद, गोलसर, चमच्यासारखी. कासविंद्याच्या चार ते सहा जोड्या, टोकं अणकुचीदार. मग देठ बघा, भिंग असेल तर उत्तम. टाकळ्याच्या खालच्या जोड्यांच्या मधे पिवळसर बारीक काडीसारखी ग्रंथी असते. कासविंद्याची ग्रंथी देठाच्या अगदी बुडाशी, गोल, काळपट. शेंगा आल्यावर तर फरक उघडच आहे: टाकळ्याची शेंग लांब, बारीक, कोयतीसारखी वळलेली, कासविंद्याची चपटी, कडा फिकट. पण आपण खातो ते शेंगा यायच्या कितीतरी आधी, म्हणून देठाची ती ग्रंथी डोळ्यांना सवयीची झाली पाहिजे. मी मुलांना वर्गात दोन्ही डहाळ्या देऊन वेगळ्या करायला लावायची, आणि पहिल्या दिवशी अर्धा वर्ग चुकायचा.

घोळीचं त्या मानाने सोपं आहे. देठ मांसल, लालसर, पानं जाड आणि गुळगुळीत. तिच्यासारखंच जमिनीसरपट पसरणारं दुधी नावाचं तण असतं (दुधी भोपळा नव्हे), ते मोडलं की पांढरा चीक येतो. चीक दिसला की फेकून द्या, हात धुवा.

दुसरी गोष्ट जमिनीची, आणि याबद्दल इथे फार कमी बोललं जातं. इंदूरच्या चारी बाजूंना सोयाबीन आहे. जूनअखेर पेरणी होते आणि साधारण १५ ते २० दिवसांनी तणनाशक मारतात. म्हणजे बांधावरची घोळ, माठ, केना ऐन कोवळे असतात नेमके तेव्हाच. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते तणच, त्याची काही चूक नाही. पण फवारणीनंतर पहिले काही दिवस पानं हिरवीगारच दिसतात, बघून काही कळत नाही. शेतमालकाला स्वतः विचारल्याशिवाय सोयाबीनच्या शेतातून किंवा बांधावरून एक पान उचलू नका. थंडीत गव्हातल्या बथुआचंही हेच. आणि कान्ह नदीच्या, नाल्यांच्या काठी, सांवेर रोडच्या कारखान्यांच्या बाजूला, बायपासच्या कडेला कितीही लुसलुशीत माठ दिसला तरी पुढे चला. पालेभाज्या मातीतलं शिसं आणि कॅडमियम ओढून घेतात, आणि ते धुऊन जात नाही, शिजवूनही जात नाही. सांडपाण्याच्या जागेवर जंतांची अंडीही असतात. पावसाळ्यात रानातला कुठलाच पाला कच्चा खाऊ नका.

राळामंडल अभयारण्य आहे, तिथून काही आणायचं नसतं, तो कायदाच आहे. चोरल, पातालपाणी, मानपूरकडच्या जंगलात मोह, टेंभुर्णी, चारोळी बघून मोह होईल. पण त्या झाडांवर तिथल्या आदिवासी घरांचं वर्षाचं गणित चालतं, आणि २००६ च्या वनाधिकार कायद्याने त्यांचा त्या उपजावर हक्क मान्य केला आहे. तुम्ही पिशवी भरून आणलेली चारोळी कुणाच्या तरी मिठा-तेलाची असते. त्यांच्याकडून विकत घ्या, भावात घासाघीस करू नका. किकोड्याचंही सांगते: त्याचा वेल जमिनीतल्या कंदातून दर पावसाळ्यात फुटतो. फळं तोडा, वेल उपटू नका, कंद तर मुळीच खणू नका. हल्ली हौशी लोक कुंडीत लावायला कंद उकरून नेतात, आणि मग त्या जागी पुढच्या वर्षी काही येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

अळंब्या नकोत. रानकंदही नकोत. सराफ्याच्या खाऊबाजारात गराडूचा तळलेला कंद खाल्ला म्हणून कंद ओळखता येतो असं नाही. कितीतरी रानकंद चिरून वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय खाण्याजोगे होत नाहीत, आणि ती रीत ज्यांच्या घरात आहे त्यांनीच ते करावेत. मांडूला गेलात तर गोरखचिंच, ज्याला तिथे मांडूची इमली म्हणतात, तिची फळं रस्त्यावर मिळतात. आतला आंबट पांढरा गर जरूर खा, क जीवनसत्त्व भरपूर.

एक चूक माझ्या हातून झाली ती सांगते, कारण तुम्ही तीच कराल अशी मला भीती वाटते. सात-आठ वर्षांपूर्वी मी कुठेतरी वाचून माझ्या यजमानांना रोज सकाळी कच्च्या घोळीचा आणि माठाचा पेलाभर रस द्यायला लागले. दोन महिने न चुकता. एका रात्री त्यांच्या कमरेत कळ आली ती सहन होईना, आणि मूतखडा निघाला. खडा फक्त त्या रसानेच झाला असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण त्यांनी रस त्याच दिवशी बंद करायला लावला. या दोन्ही पाल्यांत ऑक्झलेट, म्हणजे ज्याचे मूत्रपिंडात खडे धरतात ते द्रव्य, खूप असतं. मला ते ठाऊक होतं, मी ते वर्गात शिकवलं होतं, आणि तरी माझ्या मनात "रानातलं आहे, बाधणार कसं" हेच होतं. त्यांच्या त्या रात्रीचा चेहरा मी विसरलेले नाही. तेव्हापासून आमच्याकडे या भाज्या आठवड्यातून दोनदा-तीनदाच, उकळून, ते पाणी ओतून देऊन, आणि दह्या-ताकाबरोबर. दह्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला पोटातच धरून ठेवतं, मग ते मूत्रपिंडापर्यंत फारसं जात नाही. आपल्याकडे घोळ ताकातच करायची पद्धत आहे ती किती शहाणपणाची, हे मला तेव्हा नीट कळलं. तुम्हाला किंवा घरात कुणाला खड्याचा त्रास असेल तर घोळ, माठ, बथुआ यांबाबत आधी डॉक्टरांशी बोला.

नवीन कुठलीही भाजी पहिल्यांदा वाटीभरच, दुसरं काही नवीन त्या दिवशी नाही, आणि मग दोन दिवस थांबा.

सुरुवात घोळीपासून करा. बाजारातून आणलेल्या जुडीतले चार जाड देठ कुंडीत खोचा, आठ-दहा दिवसांत ते धरतात, आणि मग जमिनीची काळजी उरत नाही. करायची अशी: घोळ तीन-चार पाण्यांतून धुवा, मुळाशी माती फार अडकते. चिरून उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाका, पाणी ओतून द्या. मूठभर तुरीची डाळ मऊ शिजवून त्यात घोटा. ताकाला चमचाभर बेसन लावून त्यात घाला आणि मंद आचेवर ढवळत राहा, नाहीतर फुटतं. वरून लसूण, जिरं, सुक्या मिरचीची फोडणी. बरोबर मक्याची किंवा ज्वारीची भाकरी. मीठ अगदी शेवटी, चव घेऊन घाला, घोळ मुळातच थोडी खारट असते.