तवंगावर रसायन फवारल्यावर तेलाचे नेमके काय होते?

पावसाच्या तोंडावर दक्षिण गोव्यातील गालजीबागच्या किनाऱ्यावर डांबरगोळे, म्हणजे समुद्रातल्या तेलाचे काळे चिकट गोळे, येतात, तर तटरक्षक दल समुद्रातच रसायन फवारून ते तेल नाहीसे का करत नाही आणि फवारल्यानंतर मासळी खाण्याजोगी राहते का, असे आपण विचारले आहे. दोन्ही प्रश्नांमागे एकच समजूत आहे आणि ती आधी दूर करायला हवी. या रसायनाने, म्हणजे डिस्पर्संटने, तेल नाहीसे होत नाही. ते पृष्ठभागावरून पाण्याच्या पोटात जाते, एवढेच.

डिस्पर्संटमध्ये साबणाच्या जातीचे रेणू आणि ते तेलात मुरावेत म्हणून घातलेली द्रावके असतात. रेणूचे एक टोक तेलाला धरते व दुसरे पाण्याला, त्यामुळे दोहोंच्या सीमेवरचा ताण इतका घटतो की लाटांच्या घुसळणीने तवंग फुटून त्याचे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान थेंब होतात. हे थेंब वर येऊन पुन्हा एकत्र होत नाहीत, प्रवाहाबरोबर पसरून विरळ होतात आणि तेलावर जगणाऱ्या जिवाणूंच्या हाती लागतात. साधारणपणे वीस भाग तेलाला एक भाग रसायन असे प्रमाण धरतात. फवारणी लागू पडली की नाही, हे विमानातून रंगावरून ओळखता येते : दुधाळ कॉफीच्या रंगाचा ढग पाण्यात उतरू लागला तर तेल फुटत आहे, नुसताच दुधासारखा पांढरा पट्टा दिसला तर रसायन तेलावरून ओघळून वाया गेले आणि तवंग होता तिथेच आहे.

पांढरा पट्टा दिसण्यामागे बहुधा उशीर हे कारण असते. ताज्या तेलातील हलके घटक पहिल्या काही तासांतच उडू लागतात, उरलेले तेल लाटांत पाणी शोषून घट्ट तपकिरी लगदा बनते आणि त्यात रसायन शिरत नाही. जहाजांच्या इंजिनात जळणारे फर्नेस ऑइल तर मुळातच दाट असते. याउलट 2019 च्या ऑक्टोबरमध्ये नाफ्था, म्हणजे पेट्रोलसारखे हलके तेल, भरलेले ‘नु शी नलिनी’ हे जहाज गोव्यातील दोनापावलाजवळच्या खडकांत अडकले, तेव्हा तो नाफ्था सांडला असता तरी फवारणीला अर्थ नव्हता, कारण तो आपोआप उडून जातो. तिथे खरी भीती आगीची होती.

आता डांबरगोळ्यांविषयी. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासांत त्यांचा माग टँकर धुतलेल्या पाण्यापर्यंत आणि बॉम्बे हायच्या तेलापर्यंत लागलेला आहे, म्हणजे ते आपल्या पायाखाली येण्याआधी बराच काळ समुद्रात भटकलेले असतात. असा एखादा गोळा फोडून पाहावा : वर वाळूचे कवच, आत काळा चिकट गाभा. तळव्याला लागलेला हा गाभा नुसत्या साबणाने सहसा सुटत नाही, खोबरेल चोळावे लागते. साबणाला जे हातावर साधत नाही, ते डिस्पर्संटला लाटांवर साधणार नाही.

किनाऱ्यालगत फवारणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 1967 साली ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज फुटल्यावर ब्रिटनने कॉर्नवॉलच्या समुद्रात आणि किनाऱ्यांवर सुमारे 10,000 टन धुलाईद्रव्ये ओतली. ती त्या काळची जहाल द्रव्ये होती आणि जिथे ती वापरली, ते खडक केवळ तेल लागलेल्या खडकांपेक्षा कितीतरी उशिरा सावरले. आजची रसायने त्या मानाने बरीच सौम्य आहेत. (त्यांतला एक मुख्य घटक बद्धकोष्ठावरच्या गोळ्यांतही असतो!) आज खरा त्रास रसायनापेक्षा त्याने बारीक केलेल्या तेलाचा होतो. खोल समुद्रात ते तेल लवकर विरळ होते, पण मांडवी-झुआरी नद्यांच्या मुखाशी उथळ पाण्यात ते अंडी, पिल्ले आणि खारफुटीच्या मुळांपर्यंत पोहोचते. कारवारजवळ 30 मे 2006 रोजी ‘ओशन सेराया’ हे जहाज खडकांवर चढले आणि त्याचे तेल दक्षिण गोव्यापर्यंत आले, तो मोसम नेमका मासळीच्या विणीचा होता.

मेक्सिकोच्या आखातातली तेलविहीर 2010 साली फुटली, तेव्हा सुमारे 70 लाख लिटर डिस्पर्संट वापरले गेले, त्यातले बरेचसे दीड किलोमीटर खोल विहिरीच्या तोंडाशीच सोडले होते. त्याने जिवाणूंचे काम वाढले की उलट मंदावले, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही.

मासळीच्या बाबतीत बांगडा आणि तिसऱ्या (शिंपले) यांना एकाच मापाने मोजू नये. बांगडा, इसवण यांचे यकृत तेलातील घातक द्रव्ये बऱ्यापैकी लवकर निकालात काढते. तिसऱ्या, खुबे आणि कालवे मात्र पाणी गाळून जगतात, त्यामुळे बारीक थेंब त्यांच्या अंगात साठतात आणि स्वच्छ पाण्यात काही आठवडे राहिल्यावरच हळूहळू निघतात. तपासणीचा निकाल येईपर्यंत फवारणी झालेल्या भागातल्या तिसऱ्या घरी आणू नयेत.